चित्रपट कापू नका. कापलाच, तर तसं सांगा

प्रति,
मराठी चित्रपट दाखवणाऱ्या वाहिन्या, ओटीटी मंच आणि या चित्रपटांचे प्रसारणहक्क बाळगणाऱ्या कंपन्या

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्यापैकी एका वाहिनीवर 'सामना' लागणार होता. बारावीतल्या माझ्या भाचीला मी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, विजय तेंडुलकरांचं लेखन, समोरासमोर हिंदुराव पाटील झालेले निळू फुले आणि मास्तर झालेले डॉ. श्रीराम लागू. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत उतरलेला हा चित्रपट तिनं पाहायलाच हवा, असं मी कधीपासून म्हणत होतो. चित्रपट सुरू झाला. बघता बघता माझ्या लक्षात येऊ लागलं की काहीतरी गडबड आहे. मास्तर आत्ता तर वाड्यावर आले होते, आणि जाहिरातींनंतर बघतो तर हिंदुराव थेट अस्वस्थ. मधल्या पायऱ्याच गायब. 'कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे' हे गाणं येईल म्हणून मी वाट पाहत राहिलो. ते आलंच नाही. चित्रपट संपल्यावर भाची म्हणाली, "मामा, गोष्ट कळली, पण तू एवढं का सांगत होतास ते नाही कळलं."

मी वाहिनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, याबद्दल आभारच मानतो. उत्तराचा सारांश असा, की प्रसारणाच्या ठरलेल्या वेळेत बसावा म्हणून कथेला धक्का न लावता चित्रपट थोडा आटोपशीर केला आहे.

कथेला धक्का न लावता. हे खुलं पत्र या एवढ्याशा वाक्यासाठी लिहितो आहे. ते एका वाहिनीचं वाक्य राहिलेलं नाही. तुमच्यापैकी बहुतेकांच्या कारभाराच्या मुळाशी हीच समजूत आहे की चित्रपट म्हणजे कथा, आणि ती पोचली म्हणजे काम झालं.

माझा चित्रपटधंद्याशी काही संबंध नाही. तिकीट काढून, वर्गणी भरून चित्रपट पाहणारा मी माणूस. आमच्या घरात कुणी सरळ उत्तर द्यायचं टाळलं, की दुसरा हमखास विचारतो, "मारुती कांबळेचं काय झालं?" महाराष्ट्रात असं बोलणारी असंख्य घरं असतील. 'सामना' न पाहिलेल्या माणसांच्या तोंडीही तो प्रश्न आहे. एका चित्रपटातलं वाक्य लोकांच्या बोलण्यात असं मुरतं ते का, याचा विचार केला तर तुमची कात्री नेमकी कुठे चालते ते दिसेल.

तो प्रश्न मुरला, कारण तो पुन्हा पुन्हा येतो. गावात सगळं हिंदुराव धोंडे पाटलाचं आहे: साखर कारखाना त्याचा, माणसं त्याची, शब्द त्याचा. तिथे एक दारुडा, परागंदा, कधीकाळचा ध्येयवादी म्हातारा, म्हणजे मास्तर, येऊन पडतो. हिंदुराव त्याला ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो, आणि हा म्हातारा विचारतो की गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचं काय झालं. पहिल्यांदा तो प्रश्न जवळजवळ सहज वाटतो. नंतर त्याला धार येते. पुढे पुढे असं वाटू लागतं की मास्तरांनाही आता तो थांबवता येत नाहीये. लागूंचा आवाज प्रत्येक वेळी वेगळा आहे. पण तेवढंच बघायचं नसतं. मास्तर बोलत असताना निळू फुल्यांचा चेहरा बघावा. काहीही न करणारा चेहरा. पापणी लवत नाही, ओठांच्या कोपऱ्यात कुठंतरी हसू अडकलेलं, आणि तरी आपल्याला कळतं की या माणसाच्या आत काहीतरी सरकलं. मराठी पडद्यावर ऐकण्याचा अभिनय याहून मोठा कुणी केला असेल, असं मला वाटत नाही.

आता हे संकलनाच्या टेबलावर बसलेल्या तुमच्या माणसाच्या नजरेतून पाहू. त्याला काय दिसणार? एकच प्रश्न अनेकदा आलाय, म्हणजे पुनरुक्ती. एक माणूस बराच वेळ नुसता बसलाय, म्हणजे संथपणा. गाण्यानं कथा पुढे जात नाही, म्हणजे ते गाळता येतं. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला अमुक इतकी मिनिटं कमी करून आण असं सांगितलेलं असतं. पण त्यानं कापलं तेच तर 'सामना' होतं. उरलं ते दोन ओळींत सांगता येईल असं कथानक. माझ्या भाचीला गोष्ट कळली आणि चित्रपट कळला नाही, यात तिची काही चूक नाही. तिला चित्रपट दाखवलाच गेला नाही.

माझी पहिली तक्रार ही, आणि सगळ्यात मोठीही हीच. तुम्ही कापता, आणि कापल्याचं सांगत नाही. नाव तेच, पोस्टर तेच, कलाकारांची नावं तीच. नव्यानं पाहणाऱ्याला कळायला काही मार्गच नाही की त्याच्यासमोर आलेला चित्रपट अपुरा आहे. 'श्वास'चं उदाहरण घ्या. संदीप सावंतांचा २००४ सालचा हा चित्रपट, राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट ठरलेला आणि भारतातर्फे ऑस्करला गेलेला. छोट्या परशाला डोळ्यांचा कॅन्सर झालाय. शस्त्रक्रियेनंतर त्याला कधीच दिसणार नाही. आजोबा त्याला कुणाला न सांगता रुग्णालयातून बाहेर नेतात, डोळे आहेत तोवर जग दाखवायला. तिथे कथा थांबलेली असते. नातवाला जे जे दिसतंय ते आपणही बघतो, एवढंच. आपल्याला ठाऊक असतं की हे सगळं शेवटचं आहे, म्हणून साध्या गोष्टीही डोळ्यांत साठवाव्याशा वाटतात. अरुण नलावडे तिथे अक्षरशः काही 'करत' नाहीत, नातवाकडे बघत राहतात. या भागातून पाच मिनिटं कमी केली तर कथेला काय धक्का लागणार? काहीच नाही. बाहेर गेले, परत आले. पण आजोबांनी नातवाला जो वेळ मिळवून दिला, तो वेळच तुम्ही काढून घेतलेला असेल.

हे लिहिताना मला तुमच्या अडचणी दिसत नाहीत असं नाही. जाहिरातींवर वाहिनी चालते. 'प्रौढांसाठी' प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट छोट्या पडद्यावर आणायचा तर काटछाट करून वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, हेही माहीत आहे. त्या कात्रीबद्दल माझं वेगळं मत आहे, पण तो वाद तुमच्याशी नाही. मी बोलतोय ते तुम्ही आपणहून, केवळ सोयीसाठी जे करता त्याबद्दल.

दुसरी गोष्ट चौकटीची. जुने मराठी चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीत चित्रित झालेत, रुंदी चार भाग तर उंची तीन. आजचे टीव्ही सोळा-नऊचे, म्हणजे बरेच आडवे. जुनं चित्र त्यावर नीट दाखवायचं तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. त्या दिसू नयेत म्हणून तुमच्यातले काही जण चित्र ताणतात, मग सगळी पात्रं बुटकी नि रुंद होतात. काही जण चित्र मोठं करून वरून-खालून कापतात. साधा हिशेब केला तरी कळतं: चार-तीनचं चित्र सोळा-नऊमध्ये पूर्ण पसरवलं की उंचीचा चौथा हिस्सा जातो. पाव चित्र!

आणि हे कोणत्या चित्रपटांच्या बाबतीत घडतं? 'संत तुकाराम'च्या बाबतीत. प्रभात फिल्म कंपनीनं १९३६ साली काढलेला, दामले-फत्तेलालांनी दिग्दर्शित केलेला, पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला चित्रपट. माझा अतिशय आवडता. विष्णुपंत पागनीस त्यात तुकारामाचं काम करत आहेत असं वाटतच नाही, इतके ते त्या भूमिकेत विरघळलेत. तरी खरं सांगायचं तर माझा जीव गौरीच्या जिजाईत अडकलेला आहे. मुलगा आजारी, घरात काही नाही, नवरा विठ्ठलापुढे. ती पोराला ओढत देवळात येते, हातात चप्पल घेऊन, थेट देवाला जाब विचारायला. भक्तिपटात, १९३६ साली! त्या बाईच्या संतापात एवढा खरेपणा आहे की देवावर नितांत श्रद्धा असलेल्या माझ्या आजीलाही तो प्रसंग फार आवडायचा. ती म्हणायची, "बरोबर आहे तिचं."

या चित्रपटाचा शेवट आठवा. तुकाराम विमानात बसून वैकुंठाला निघालेत आणि जिजाई जमिनीवर. सगळा चित्रपटच या दोन टोकांमध्ये उभा आहे, वर आणि खाली, अभंग आणि चूल. त्या चौकोनी चौकटीला उंची आहे म्हणून ही दोन टोकं तिच्यात मावतात. ज्या चित्रपटाचा सगळा अर्थ वर-खाली पसरला आहे, त्याचं वरचं आणि खालचं कापून तुम्ही आमची कोणती सोय करता? काळ्या पट्ट्यांनी कुणाचंही काहीही बिघडत नाही. प्रेक्षकांनी त्यांची तक्रार केली, असं तुमचं म्हणणं असेल, तर सुरुवातीला दोन ओळींची सूचना द्या, की चित्रपट मूळ आकारात दाखवत आहोत. लोकांना कळतं. लोकांना समजावून सांगायचा कंटाळा आणि लोकांना समजत नाही ही खात्री, या दोन्ही गोष्टी सोडा, एवढंच मागतो.

वेगाबद्दल थोडक्यात सांगतो. चित्रपट सेकंदाला चोवीस चौकटींनी, म्हणजे चोवीस स्थिर चित्रांनी, धावतो. आपल्याकडची जुनी टीव्हीपद्धत पंचवीस चौकटींची. त्यामुळे त्या काळी टेपवर उतरवलेल्या अनेक प्रती चार टक्के जलद पळतात आणि शंभर मिनिटांचा चित्रपट शहाण्णव मिनिटांत संपतो. आवाजाची पट्टीही चढते. आज हे दुरुस्त करणं अवघड राहिलेलं नाही, तरी त्याच टेपांवरून केलेल्या प्रती जशाच्या तशा वापरल्या जातात. गाण्यांनी ओळखल्या जाणाऱ्या चित्रपटांचे सूरच आम्ही चुकीच्या पट्टीत ऐकतो.

आता शांततेबद्दल. इथे मला थोडं सविस्तर लिहायचं आहे.

'सैराट'चं संगीत आठवतंय ना? अजय-अतुल यांनी त्यासाठी लॉस एंजेलिसला जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रा वापरला. चित्रपटगृहात लोक नाचले. त्याच चित्रपटाच्या शेवटी नागराज मंजुळे आवाज पूर्ण काढून घेतात. घरचा विरोध डावलून लग्न केलेल्या आर्चीच्या माहेरची माणसं भेटी घेऊन आलेली असतात, तिनं चहा केलेला असतो. नंतर तिचं लहान मूल घरी येतं. ते काय बघतं ते आपल्याला दिसतं, त्याचं रडणं दिसतं, पण ऐकू येत नाही. ते चालत बाहेर जातं आणि मागे रक्ताची पावलं उमटतात. मी हा शेवट चित्रपटगृहात पाहिला तेव्हा दिवे लागले तरी लोक उठत नव्हते. तासाभरापूर्वी शिट्ट्या मारणारी पोरं खाली मान घालून बसली होती. त्या शांततेत प्रेक्षक पहिल्यांदा स्वतःबरोबर एकटा पडतो. आपण कुणाच्या बाजूनं टाळ्या वाजवत होतो, घरी गेल्यावर कुणाच्या बाजूनं असू, हे त्याला तिथे सुचतं.

तोच शेवट मी छोट्या पडद्यावर पाहिला. मूल दारात असताना पडद्याच्या तळाशी रंगीत पट्टी सरकत आली. पुढचा कार्यक्रम कोणता, त्याची घोषणा. आवाजासकट. दिग्दर्शकानं ज्या क्षणी सगळे आवाज बंद केले, नेमका त्याच क्षणी तुम्हाला बोलायचं होतं. मग नामावली सुरू झाली न झाली तोच चित्र आक्रसून कोपऱ्यात गेलं आणि पडद्यावर कुणीतरी हसत नाचू लागलं. ओटीटीवर वेगळं काही नसतं. तिथे कोपऱ्यात आकडे उलटे मोजू लागतात आणि रिमोट शोधेपर्यंत दुसराच चित्रपट सुरू.

'फँड्री'तही अशी जागा आहे. डुक्कर पकडायला अख्खं कुटुंब शाळेपाशी धावतंय, आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. शाळकरी जब्या जागच्या जागी उभा राहतो, घरची माणसंही उभी राहतात. हातातोंडाशी आलेलं डुक्कर डोळ्यांदेखत निघून जातं आणि ती माणसं हलत नाहीत. त्यावर कुणी एक शब्द बोलत नाही. ज्या देशानं त्यांना गावकुसाबाहेर ठेवलं, त्याच्या गीतासाठी ती ताठ उभी आहेत, हे चित्रपट आपल्याला सांगत नाही. आपण उभ्या उभ्या समजून घ्यायचं असतं. पुढे तेच कुटुंब काठीला बांधलेलं डुक्कर खांद्यावरून नेतं, मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब आंबेडकरांसह समाजसुधारकांची चित्रं. आणि शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट आपल्या दिशेनं येतो, आणि अंधार. त्या अंधारात तुमचा जिंगल वाजला, की दगड कुणाला लागलाच नाही.

चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'मध्ये न्यायालयाला सुट्टी लागते, दिवे मालवले जातात, दालन काळोखात बुडतं आणि तो काळोख पडद्यावर राहतो. अनेकांना वाटतं, संपला चित्रपट. तो संपलेला नसतो. त्यानंतर आपण न्यायाधीशांना त्यांच्या सहलीत बघतो. तो काळोख जाहिरातीला मोकळी जागा म्हणून ठेवलेला नाही. पण तुमच्या यंत्रणेला काळा पडदा म्हणजे जाहिरातीची सोयीची जागा एवढंच कळतं, आणि यंत्रणेला तसं शिकवणारी माणसं तुमच्याकडेच बसलेली आहेत.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, शेवटची नावं कोण वाचतो? मी वाचतो. आणि न वाचल्यानं काय होतं ते सांगतो. 'संत तुकाराम'मधलं 'आधी बीज एकले' हे पद तुकोबांचंच आहे असं मानणारी कितीतरी माणसं मला भेटली आहेत. ते शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिलं. इतकं जमून गेलं की लोकांनी ते तुकोबांच्या नावावर टाकलं. कवीचा याहून मोठा सन्मान नाही, पण म्हणून कवीचं नाव पुसायचं का? 'कुणाच्या खांद्यावर' आरती प्रभूंचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, आवाज रवींद्र साठे यांचा. तुमच्या मंचावर चित्रपटाच्या पानावर जाऊन पाहा. दोन-तीन नट, एक दिग्दर्शक, संपलं. गीतकार, संकलक, छायालेखक, ध्वनिमुद्रक यांची नावं एकाच ठिकाणी असतात, नामावलीत. ती तुम्ही तळहाताएवढी करून कोपऱ्यात ढकलता.

मध्यंतराचंही तसंच. आपल्याकडचे चित्रपट मध्यंतर धरून लिहिले जातात. कुठे थांबवायचं, प्रेक्षकाला कोणत्या प्रश्नासकट बाहेर पाठवायचं, हा लेखक-दिग्दर्शकाचा निर्णय असतो. ओटीटीवर ती पाटीच काढून टाकतात आणि दोन प्रसंग एकमेकांवर आदळतात. वाहिन्यांवर मध्यंतर असतं, पण भलत्याच ठिकाणी, वाक्याच्या मध्ये.

आणि ते उभे तुकडे. तुमच्या अधिकृत खात्यांवरून गाजलेल्या प्रसंगांच्या छोट्या चित्रफिती फिरतात. मोबाईलवर उभ्या बसाव्यात म्हणून दोन्ही बाजू कापलेल्या. 'सामना'तल्या त्या समोरासमोरच्या प्रसंगाचा असा तुकडा मी पाहिला. त्यात लागू आहेत, प्रश्न आहे, खाली ठळक अक्षरांत संवादही आहे. निळू फुले नाहीत. ऐकणारा माणूसच कापला गेला.

तुम्ही विचाराल, मूळ चित्रपट कुठे नष्ट झालाय? तो सुरक्षित आहे, आम्ही दाखवतो ती फक्त प्रत. इथेच मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. आपण किती गमावलंय ते आठवा. फाळक्यांचा १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' आज संपूर्ण उपलब्ध नाही, काही भाग तेवढा उरलाय. जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे जिथे एकेकाळी प्रभातचा स्टुडिओ होता तिथेच, जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्याही मौल्यवान फिती त्यात गेल्या. नायट्रेट पेट घेते, फिल्म सडते, आक्रसते. तिच्यापुढे माणसाचं फार चालत नाही. पी. के. नायर यांच्यासारख्या माणसांनी आयुष्य घालून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात एकेक रीळ जमवलं, म्हणून जे उरलं ते उरलं. पण संग्रहालयाच्या थंड खोलीतली प्रत किती जण बघणार? महाराष्ट्रातल्या बहुतेक माणसांसाठी चित्रपट म्हणजे तुम्ही दाखवता तो. डब्यात अखंड आणि प्रत्येक पडद्यावर मोडका, असा चित्रपट पुढच्या पिढीसाठी मोडकाच असतो. आगीनं जे नेलं त्याचा दोष कुणाला द्यायचा हा वेगळा प्रश्न. तुमच्या हातून जातंय ते मात्र ठरवून जातंय.

ओटीटीवर तर चित्रपट एका रात्रीत नाहीसेही होतात. हक्कांची मुदत संपते, हे समजण्यासारखं आहे. पण सूचना नाही, कारण नाही, पुढे कुठे मिळेल याचा पत्ता नाही. शोधलं की त्याच नावाचं भलतंच काहीतरी समोर येतं. मग माणूस कुणीतरी कुठूनतरी उतरवून घेतलेली, मधोमध भलंमोठं चिन्ह छापलेली अस्पष्ट प्रत बघतो. चोरून बघू नका असं आम्हाला सांगता, ते बरोबरच आहे. मग सरळ मार्गानं बघायची सोय ठेवा.

दिग्दर्शक तक्रार का करत नाहीत, असंही कुणी मला विचारलं. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या लेखी चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. हक्क त्यानं विकले, की दिग्दर्शकाच्या हाती फारसं काही राहत नाही. जुन्या चित्रपटांचे बहुतेक कर्ते तर आज हयातच नाहीत. दामले-फत्तेलाल तुम्हाला पत्र लिहिणार नाहीत. म्हणून प्रेक्षकाला लिहावं लागतं.

मागण्या साध्या आहेत. एकही मागणी अशी नाही की जिच्यामुळे तुमचा धंदा बसेल.

चित्रपट ज्या आकाराच्या चौकटीत चित्रित झाला, त्याच आकारात दाखवा. ताणू नका, वरून-खालून कापू नका.

वेळेसाठी कापू नका. वेळ पुरत नसेल तर रात्री उशिरा दाखवा, रविवारी सकाळी दाखवा, दोन भागांत दाखवा. कोणत्याही कारणानं कापलंच असेल, तर चित्रपट सुरू होण्याआधी पडद्यावर स्पष्ट लिहा: मूळ लांबी इतकी, आमची लांबी इतकी. मूळ लांबी सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर नोंदलेलीच असते. ती शोधायला कुणाला कष्ट पडणार नाहीत.

जाहिरात दोन प्रसंगांच्या मध्ये घ्या, आणि ती जागा चित्रपट पाहिलेल्या माणसाला ठरवू द्या. शेवटची दहा मिनिटं आणि पूर्ण नामावली यांच्यावर कोणतीही पट्टी, घोषणा, उलटी मोजणी नको. ओटीटीवर पुढचा चित्रपट आपोआप सुरू होणं हे मुळात बंद असू द्या. ज्याला हवं तो चालू करेल.

चित्रपटाच्या पानावर गीतकार, संगीतकार, गायक, छायालेखक, संकलक, ध्वनिमुद्रक यांची नावं द्या. चित्रपट काढून टाकण्याआधी किमान महिनाभर तशी सूचना द्या.

आणि ज्यांच्याकडे जुन्या मराठी चित्रपटांचे हक्क आहेत त्यांना वेगळी विनंती: तुमच्याकडची प्रत कुठून आली, टेपवरून की फिल्मवरून, आणि तिची लांबी किती, हे तपासा. संग्रहालयात अधिक चांगली प्रत असेल तर तिच्यावरून नवी करून घ्या. खर्च येईल. एकदाच येईल.

हे पत्र मी सगळ्यांसाठी खुलं ठेवतो आहे, कारण एकट्याला आलेलं उत्तर मी वाचलेलं आहे. ज्या वाचकांना असे अनुभव आले असतील त्यांनी चित्रपटाचं नाव, तारीख, वेळ आणि काय गाळलं होतं एवढं लिहून संबंधित वाहिनीकडे किंवा मंचाकडे पाठवावं. शिवीगाळ नको, चिडचिड नको. नेमकी नोंद हवी.

माझी पहिली नोंद वर दिलेलीच आहे. 'सामना' पुन्हा एकदा पूर्ण दाखवा, गाण्यासकट, आणि तारीख आधी कळवा. भाचीला मी थांबायला सांगितलं आहे.

कळावे,
एक मराठी प्रेक्षक